सातव्या पॉइंटचं पाणी

या ग्रुपवरचे विचित्र अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. गुपचूप... कधी लाईक नाही, कधी कमेंट नाही. आणि खरं सांगायचं तर वाचताना प्रत्येकाची एखादी तरी चूक शोधायची, ही माझी सवय. हा अर्धवट झोपेत असणार, हिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार, वगैरे. आमच्या घरी देवघर आहे, पण पूजा नवरा करतो. मी शनिवारी समई घासते, तेवढाच माझा संबंध. अमावस्या कधी आहे हे मला कामवाल्या ताई सांगतात. त्यामुळे आपल्यावर इथे लिहायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी जिऑलॉजिस्ट आहे. वय सेहेचाळीस, राहायला नेरुळ, ऑफिस वाशीत. एखादी जुनी फॅक्टरी बंद पडते, पाडली जाते, जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहते आणि मग तिथे कुणालातरी ऑफिसं किंवा शोरूम बांधायची असतात. अशा वेळी जागा घेण्याआधी खालची माती आणि पाणी कितपत खराब आहे हे तपासून द्यायचं, हे आमच्या फर्मचं काम. मी हे सोळा वर्षं करतेय. फर्मचं नाव, प्लॉटचं नाव देणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

प्लॉट पावण्याला, म्हणजे नवी मुंबईतच, एमआयडीसीत होता. दोन बाजूंना चालू कारखाने, एका बाजूला लोखंडी पत्र्यांचं गोडाऊन, समोर रस्ता. साधारण तीन एकर. पूर्वी तिथे रंगांना लागणारी केमिकल्स बनवायची फॅक्टरी होती. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. इमारत पाडून राडारोडाही उचललेला. राहिली होती फक्त कंपाऊंडची भिंत, सुबाभळीचं रान आणि गेटजवळ वॉचमनची केबिन. वॉचमन म्हणजे चव्हाणकाका, सांगलीकडचे, सत्तरीला आलेले. घेणाऱ्या पार्टीला तिथे सात मजली कमर्शियल बिल्डिंग बांधायची होती, खाली दोन बेसमेंट.

फॅक्टरीचा जुना नकाशा मिळाला होता. त्यावरून मी सहा जागा नक्की केल्या. प्रत्येक ठिकाणी बोअर मारायचा, जाळीचा पाईप सोडायचा, पाणी एक दिवस निवळू द्यायचं आणि मग त्याचं सॅम्पल घ्यायचं. बोअर मारणारे सलीमभाई. त्यांची माझी बारा वर्षांची ओळख. माणूस कमी बोलतो आणि सरळ बोअर मारतो, अजून काय पाहिजे?

एक गोष्ट आधीच कबूल करते. असं काम करताना जागेची माहिती असलेल्या जुन्या लोकांशी बोलायचं असतं. कामगार, शेजारी, गावातली माणसं. तो कामाचाच भाग आहे. मी ते केलं नव्हतं. वेळ कमी होता, क्लायंट घाईत होता. 'माहितगार व्यक्ती उपलब्ध झाल्या नाहीत' असं एक वाक्य आमच्याकडे तयार असतं. ते मी टाकून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचवा बोअर चालू असताना एक म्हातारी मशीनपाशी आली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातात विळा, डोक्यावर गवताचा लहानसा भारा. ती तिथे बकरीसाठी गवत कापायला यायची, चव्हाणकाका तिला आत सोडायचे. मशीनच्या आवाजात मला तिचं धड ऐकू येईना. एवढं कळलं की ती पाठीमागच्या भिंतीकडे हात करून "बाय, तिकरं बग, तिकरं" असं काहीतरी म्हणतेय. मी तिला सांगितलं, मावशी, इथे थांबू नका, मशीन चालू आहे, लागेल काहीतरी. ती हलेना. शेवटी मी काकांना बोलावून तिला बाहेर न्यायला सांगितलं. सेफ्टीचा नियम आहे, मशीनच्या आसपास बाहेरचं माणूस नको... पण नियमापेक्षा मला तेव्हा कटकट वाटत होती, हे खरं.

तिसऱ्या दिवशी पाण्याची सॅम्पल्स घेतली. आमच्या कामात याला फार जपावं लागतं. लॅब बाटल्या मोजून देते. प्रत्येक पॉइंटसाठी एक ब्राऊन काचेची मोठी बाटली आणि दोन छोट्या, असा एक सेट. लॅबने सात सेट दिले होते. सहा कामाचे आणि एक जादा, एखादी बाटली फुटली तर म्हणून. प्रत्येक बाटलीवर लेबल, त्यावर पॉइंटचा नंबर, तारीख, वेळ आणि माझी सही. हेच सगळं एका फॉर्मवर उतरवायचं. कोणी भरलं, कोणी नेलं, कोणी घेतलं, सगळ्याची नोंद. मग बर्फाच्या पेटीत ठेवून पेटीला टेप लावायची आणि टेपवर आडवी सही करायची. मधे कुणी पेटी उघडली तर सही फाटते.

मी सहा सेट भरले. शेवटचा दुपारी साडेतीनला. पेटी माझ्या हाताने बंद केली, सही केली. लॅबचा माणूस पाच वाजता येऊन पेटी घेऊन गेला. लॅब कळंबोलीला आहे, स्टील मार्केटच्या मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लॅबमधून रेश्माचा फोन आला. रेश्मा तिथली केमिस्ट, अतिशय काटेकोर मुलगी. ती म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर सहा सेट आहेत. पेटीत सात निघाले."

मला वाटलं, जादाचा रिकामा सेट चुकून आत गेला असेल. तसं म्हटलंही. ती म्हणाली, रिकामा नाहीये, भरलेला आहे. लेबलही आहे. तुमची सही आहे.

मी गाडीपाशी गेले, डिकी उघडली. जादाचा सेट तिथेच होता. प्लॅस्टिकचं पाकीट न फोडलेलं.

तशीच गाडी काढून कळंबोलीला गेले. रेश्माने पेटी उघडण्याआधी नेहमीप्रमाणे फोटो काढून ठेवले होते. टेप अख्खी, सही अख्खी. मग तिने तो सेट माझ्यासमोर ठेवला. तशाच ब्राऊन बाटल्या, त्याच कंपनीच्या. लेबलवरचं अक्षर माझं होतं. आपलं अक्षर आपण ओळखतो... वेळेपुढच्या 'पीएम'मधली एम लिहायची माझी पद्धत जरा विचित्र आहे, मधलं टोक मी पार खालपर्यंत आणते. तीच एम. तारीख कालची. वेळ, एक वाजून चाळीस. फक्त पॉइंटचा नंबर जिथे असतो तिथे सात हा आकडा देवनागरीत होता.

मी मराठी शाळेत शिकले, पण दहावीनंतर देवनागरी आकडा हाताने लिहिल्याचं मला आठवत नाही. लेबलवर तर कधीच नाही.

आणि आदल्या दिवशी एक चाळीसला मी कुठे होते हे मला पक्कं माहीत होतं. सव्वा ते जवळजवळ दोन मी गाडीत एसी लावून क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरशी व्हिडिओ कॉलवर होते. फोनमध्ये नोंद आहे. सलीमभाई समोर केबिनच्या सावलीत चव्हाणकाकांबरोबर जेवत होते, मला काचेतून दिसत होते. पेटी माझ्या मागच्या सीटवर होती.

रेश्माने विचारलं, फेकून देऊ का? नियमाप्रमाणे ती बाटली फेकायलाच हवी होती. मी म्हटलं, टेस्ट लाव. मनात असं होतं की कुणीतरी माझी गंमत केलीये. नळाचं नाहीतर बिसलेरीचं पाणी निघेल आणि विषय संपेल. टेस्टचं कारण म्हणून मी 'अंतर्गत तपासणी' असं काहीतरी लिहून दिलं.

पाच दिवसांनी रिझल्ट आले. सहा पॉइंटचं पाणी जवळजवळ ठीक होतं. थोडं मचूळ, खाडी जवळ असल्याने ते असायचंच. थोडं लोखंड. अशा जागेवर एवढं स्वच्छ पाणी म्हणजे क्लायंटला पेढे वाटावेसे वाटतील असा रिपोर्ट.

सातव्याचा रिझल्ट रेश्माने मेलवर पाठवला नाही. फोन केला. म्हणाली, मॅडम, मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून दुसऱ्या बाटलीतून परत लावलं. सेम आलं. मशीन धुवायला माझा अर्धा दिवस गेला. त्या पाण्यात सॉल्व्हंट होतं, म्हणजे फॅक्टरीत टाक्या आणि भांडी धुवायला जे वापरतात ते. थोडंथोडकं नाही. अशा पाण्याजवळ खोल खड्डा खणून माणसं उतरवली तर वाफेनेच ती आडवी होतील, इतकं. आणि तिथे दोन बेसमेंट खणायचे होते.

मी आमच्या सरांना सगळं सांगितलं. कर्णिक सर, वय साठ, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अंजली, ज्या सॅम्पलला जागा नाही ते सॅम्पल नाही. हे मीच तुला शिकवलंय ना?" शिकवलं होतं. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. लॅबमध्ये दुसऱ्या कुणाची बाटली मिसळली असेल असं ते म्हणाले. माझ्या अक्षराचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, थकवा. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत हवा होता. तो दिवस मंगळवार होता.

त्या रात्री डोक्यात एकच चालू होतं. सातवा पॉइंट कुठला? बाटली कुठून आली हे सोडा. ते पाणी जर त्या प्लॉटमधलं असेल, तर ते कुठे आहे? आणि पहाटे चहा ठेवताना मला ती म्हातारी आठवली. विळा धरलेला तिचा हात.

बुधवारी सकाळी ऑफिसला न जाता पावण्याला गेले. चव्हाणकाकांना विचारलं, ती गवतवाली मावशी कोण? म्हणाले, "ताराबाई. गावातलीच हाय. तिच्या सासऱ्याची शेती हुती म्हनं ही, कारखाना यायच्या आधी." घर त्यांनीच दाखवलं. गावात आता तीन-चार मजली घरं झालीत, त्यांच्या मधे एक बैठं कौलारू घर, दारात बकरी.

मला वाटलं होतं, बाई हाकलून देईल. मी आधी माफी मागितली. त्या दिवशी तुमचं ऐकून घेतलं नाही, म्हटलं. तिने हात झटकला, आत बोलावलं, चहा टाकला. मग मी विचारलं, तुम्ही काय दाखवत होतात?

"आमची बाव," ती म्हणाली.

बाव म्हणजे विहीर. "मी लग्न होऊन आले तवा ही सगली भातशेती व्हती," असं ती सांगत गेली. शेताच्या वरच्या अंगाला विहीर. सगळ्या आळीच्या बायका तिथे पाण्याला यायच्या. पुढे सरकारने जमिनी घेतल्या, फॅक्टरी आली, विहीर भिंतीच्या आत गेली. बदल्यात तिच्या नवऱ्याला, हरिश्चंद्रला, तिथे नोकरी लागली. ती त्याचं नाव घेत नव्हती, 'पोरांचा बापूस' म्हणत होती. नाव मला नंतर चव्हाणकाकांकडून कळलं. काम काय, तर फॅक्टरीच्या लॅबमध्ये बाटल्या धुणं आणि ठिकठिकाणाहून सॅम्पल भरून आणणं.

इथे मी चहाचा कप खाली ठेवला.

ताराबाईंच्या लक्षात आलं नाही, त्या सांगत राहिल्या. फॅक्टरीवाले टाक्या धुतलेलं पाणी विहिरीत सोडायला लागले. कुठे नेऊन टाकण्यापेक्षा ते सोपं. हरिश्चंद्रला कळत होतं की हे चूक आहे. त्याने कुणाला न विचारता विहिरीचं पाणी एका बाटलीत भरलं, साहेबाला नेऊन दिलं, म्हणाला, हे तपासा. साहेब म्हणाला, बघतो. काही झालं नाही. त्याने परत भरलं. दुसऱ्या साहेबाला दिलं. एकदा तर बाटली घरी आणली, पिशवीत घालून ठाण्याला कुठल्यातरी सरकारी ऑफिसात नेऊन दिली. तिथेही ठेवून घेतली. पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

मी विचारलं, कधी भरायचे ते पाणी? म्हणजे दिवसा, रात्री?

"जेवनाचे सुटीत," त्या म्हणाल्या. "एकला भोंगा वाजं. सगली जेवाला बसली का यो जायाचा. दोनचे आत परत."

नंतर फॅक्टरीने विहीर विटा-डबराने भरून वर स्लॅब टाकला आणि तिच्यावर शेड उभी केली. हरिश्चंद्र त्यानंतर चार-पाच वर्षांनी गेला, लिव्हरच्या दुखण्याने. ते कशामुळे झालं हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. ताराबाईंनीही कुणाला दोष दिला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या की शेवटी शेवटी तापात तो बाटल्या मोजायचा.

मी त्यांना विचारलं, मावशी, सात या आकड्याचं काही होतं का? सात नंबर, सातवी बाटली, काही? त्यांनी बराच विचार केला. "नाय बाय. सात म्हंजे काय ते मना नाय ठाव."

हे मी मुद्दाम लिहितेय. गोष्ट रचायची असती तर इथे मी काहीतरी जुळवलं असतं.

मी बाटलीबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

दुपारी सरांकडे गेले आणि म्हटलं, मला अजून एक बोअर मारायचाय. आधार काय, तर स्थानिक माहिती. तिथे जुनी विहीर आहे, नकाशात नाही. त्या बाटलीमुळे का, असं त्यांनी विचारलं. मी एवढंच सांगितलं की हा बोअर मारल्याशिवाय रिपोर्टवर मी सही करणार नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. सोळा वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. क्लायंटचा मॅनेजर फोनवर फार चिडला. घाण सापडेपर्यंत खणतच राहणार का तुम्ही, असं म्हणाला. सरांनी त्याला अर्धा दिवस मागितला. मिळाला.

गुरुवारी सकाळी नऊला सलीमभाईंनी मशीन आणलं. ताराबाईंना मी आणायला गेले. या वेळी त्यांना हेल्मेट घालून आत आणलं. त्यांना ते मोठं व्हायचं, सारखं डोळ्यावर यायचं.

प्लॉटवर आल्यावर त्यांनी आधी डोंगराकडे पाहिलं. पूर्वी खूण म्हणून डोंगराचा एक उंचवटा होता, तो खाणीत गेला. गावातल्या देवळाचा कळस गोडाऊनच्या पत्र्याआड गेलेला. मला वाटलं, आता जमायचं नाही. पण त्या चालायला लागल्या. पाठीमागच्या भिंतीकडे, सुबाभळीतून, वाकडी वाट घेऊन. कुठे वळल्या, कुठे थांबल्या. मी विचारलं, कसं कळतंय? म्हणाल्या, "पायांना ठावं हाय." एका जागी उभ्या राहिल्या. माझ्या सगळ्यात जवळच्या पॉइंटपासून ती जागा चांगली पन्नास-साठ पावलं लांब होती.

वर साधी माती होती, गवत उगवलेलं. आधी कुणी तिथे काही खणल्याची खूण नाही. मी फोटो काढून ठेवलेत.

अर्ध्या मीटरवर मशीन उसळलं. काँक्रीट. ते फोडायला तासभर गेला. मग विटा, डबर... आणि मग रॉड एकदम हातभर खाली गेला. पोकळी. वास आला तो क्षणभर गोड वाटला, नेलपॉलिशसारखा. माझ्या हातातलं वाफ मोजायचं यंत्र ओरडायला लागलं. पण सलीमभाईंनी त्याच्याआधीच इंजिन बंद केलं होतं. ते फक्त म्हणाले, "मॅडम, पीछे चलिए." आम्ही सगळे वाऱ्याच्या उलट दिशेला जाऊन उभे राहिलो. ताराबाईंनी पदर नाकाला लावला होता. डोळ्यांत पाणी होतं, पण ते वासाने की कशाने, मला सांगता येणार नाही. त्यांना मी घरी पाठवून दिलं.

वास कमी झाल्यावर मास्क लावून पाणी काढलं. लेबल लिहिलं. नंबर सातच द्यावा लागला, सहाच्या पुढे तोच येतो. इंग्रजीत लिहिला. घड्याळात बघितलं तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

रिझल्ट आल्यावर रेश्माने मला लॅबमध्ये बोलावलं. तिने दोन्ही पाण्यांचे आलेख स्क्रीनवर एकावर एक ठेवले. तीच केमिकल्स, त्याच प्रमाणात. जुळी भावंडं पण इतकी सारखी नसतात. रेश्मा म्हणाली, हे एकाच पाण्याचे दोन सॅम्पल आहेत, यात मला शंका नाही.

आता तुम्ही म्हणाल तो प्रत्येक खुलासा मी स्वतःला देऊन झालाय. अक्षर माझं, म्हणजे लेबल मीच लिहिलं असेल आणि विसरले असेन, मानलं. ताराबाईंचं 'तिकरं बग' मनात कुठेतरी राहिलं असेल, तेही मानलं. कुणीतरी सारख्या बाटल्या बाजारातून आणल्या असतील, मिळतात. लॅबने मोजणीत चूक केली असेल, होते. पण पाणी? त्या दिवशी त्या विहिरीवर अख्खा स्लॅब होता, त्यावर माती, त्यावर गवत. तो स्लॅब आम्ही आठवड्याने फोडला. त्याच्या आधी ते पाणी बाटलीत भरायला कुणालाच वाट नव्हती. माझ्या मनाने फार तर लेबल लिहिलं असेल, पाणी नाही वर आणलं. इथे येऊन मी दर वेळी थांबते. वर्ष होऊन गेलं, अजून तिथेच आहे.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं : 'स्थानिक रहिवाशाकडून मिळालेल्या माहितीनुसार सातवा पॉइंट घेण्यात आला.' हे खोटं नाही. पण पूर्णही नाही. पहिल्या बाटलीचा त्यात उल्लेख नाही. सर म्हणाले, नको. मलाही धीर झाला नाही.

क्लायंटने जागा सोडली नाही, पण काम वर्षभर पुढे ढकललं. विहीर उघडून, मास्क आणि सिलिंडर लावलेली माणसं उतरवून ती रिकामी केली, आजूबाजूची मातीही उचलून नेली. बेसमेंट रद्द झाले, गाड्या आता वरच्या मजल्यांवर लागणार आहेत. चिडलेला तो मॅनेजर नंतर एकदा ऑफिसला आला. जाताना उगीचच दोन मिनिटं माझ्या टेबलापाशी उभा राहिला. त्या खड्ड्यात त्याचीच माणसं उतरणार होती.

काम संपल्यावर मी ताराबाईंकडे गेले. रिपोर्टची प्रत देता येत नाही, ती क्लायंटची असते. पण मला मोकळ्या हाताने जावंसं वाटेना. म्हणून मी एका साध्या कागदावर मराठीत चार ओळी लिहून नेल्या. पावण्याच्या या या जागेवरच्या विहिरीचं पाणी तपासलं, ते दूषित होतं, विहीर साफ केली. खाली सही. त्याला कायद्याने काही किंमत नाही हे मला माहीत होतं.

त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. मग म्हटलं, मावशी, तुमच्या यजमानांचं बरोबर होतं.

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"मना ठावंच व्हता," त्या म्हणाल्या. "कागुद तुमानला लागतो."

मग उठल्या. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता. काचेवरची धूळ पदराने पुसली, कागदाची लहान घडी केली आणि फोटोच्या मागे खोचून ठेवली. आणि मला विचारलं, चा टाकू का परत.